आवाज कुणी घडवायचा?

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. १९१० साली त्यांनी हिंदुस्थानी संगीतातल्या बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केलं. तारेची लांबी मोजायची, तिच्यावरून स्वराची नेमकी जागा काढायची आणि ती अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याशी ताडून पाहायची, अशी त्यांची पद्धत. ई. क्लेमंट्स या आयसीएस न्यायाधीशाला या कामाची गोडी लागली आणि दोघांच्या खटपटीतून श्रुतींची हार्मोनियम इंग्लंडमध्ये तयार करून घेतली गेली. १९१६ साली बडोद्याला भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ही पेटी वादाचा विषय ठरली. पंडित भातखंडे यांना देवल-क्लेमंट्स यांचं श्रुतींचं गणित मान्य नव्हतं.

वरवर पाहता हा वाद कंपनसंख्येचा. पण पेटीला पट्ट्या किती आणि कुठे, हे एकदा सुताराच्या हातून लाकडात पक्कं झालं की गाणाऱ्याला त्या चौकटीत यावं लागतं. मग ती चौकट ठरवणार कोण? खाँसाहेबांचा गळा, देवलांची मोजपट्टी, साहेबाचा पैसा की परिषदेचा ठराव? गायकाचा गळा पुराव्यासाठी लागला, निर्णय मात्र त्याच्या हाती नव्हता. वाद्य घडवणं म्हणजे सत्तेच्या प्रश्नाला हात घालणं, हे माझं म्हणणं मी इथूनच सुरू करतो, कारण सातारा-सांगलीच्या पट्ट्यात हा प्रश्न गेली शंभरेक वर्षं रूपं बदलत समोर येत राहिला आहे. पेटी, हलगी, बेंजो, तानपुऱ्याचं यंत्र, डॉल्बी ही त्याची रूपं. यांतल्या विजेवर चालणाऱ्या वाद्यांबद्दल आपल्याकडे जे लिहिलं जातं ते जवळजवळ सगळं ऐकणाऱ्याच्या कानाबद्दल असतं. ती बनवणाऱ्याच्या हाताबद्दल कुणी लिहीत नाही, आणि मला तीच मोठी उणीव वाटते.

जगात हा विषय नवा नाही. रशियात लेव्ह तेरेमिननं हात न लावता वाजणारं विजेचं वाद्य केलं तेव्हा १९२२ साली ते लेनिननं स्वतः पाहिलं. वीज आणि क्रांती यांची सांगड घालणाऱ्या राजवटीला असं वाद्य हवंच होतं. भारतात १९६९ च्या सुमारास अहमदाबादच्या एनआयडीत मूग सिंथेसायझर आला आणि तिथे काही काळ इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ चालला. तो प्रयोग मोलाचा होता, पण संस्थेच्या भिंतींआडच राहिला. सातारा-सांगलीशी खरं नातं सांगतात ती दुसरी दोन उदाहरणं. एक जमैकाचं. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत माणसांनी स्वतः अँप्लिफायर जोडले, कपाटाएवढे स्पीकर बांधले आणि रस्त्यावर उभे केले, कारण रेडिओवर त्यांचं संगीत लागत नव्हतं. दुसरं कांगोतल्या किन्शासाचं. तिथल्या वादकांनी मोटारींच्या भंगारातली चुंबकं काढून 'लिकेंबे' या पारंपरिक वाद्याला माईक बसवले, कारण शहराच्या गोंगाटात जुनं वाद्य ऐकू येईना. दोन्हीकडे कुणी घोषणा दिली नव्हती. आवाज पोचत नव्हता, तो पोचेल अशी वस्तू बनवली गेली.

आपल्या मुलखात आवाज पोचवण्याची गरज वीज येण्याच्या कितीतरी आधीची. सत्यशोधक जलशांनी सातारा जिल्ह्यातली गावंच्या गावं जागी केली. तमाशाचाच साज, ढोलकी, तुणतुणं, झांजा, पण वगात भटशाहीची आणि सावकारीची उलटतपासणी. पुढे १९४२ नंतरच्या प्रतिसरकारच्या काळात, आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग अजून सातारा जिल्ह्यातच होता तेव्हा, शाहीर शंकरराव निकमांसारख्यांच्या डफावर माणसं गोळा होत. ना माईक, ना परवाना. डफ हे सरकारला जप्त करता येईल असं यंत्र नव्हतं. तो फोडला तर दुसऱ्या दिवशी दुसरा मढवता येई.

तुणतुण्या-डफाच्या या जगात एक वाद्य मात्र मोकळं नव्हतं, हलगी. पालखी, लग्न, दवंडी, मयत, कुस्तीचं मैदान, सगळीकडे हलगी हवी. आणि ती वाजवणं मातंग समाजाच्या माथी मारलेलं गावकीचं काम. हलगी कडाडल्याशिवाय आजही आमच्याकडच्या आखाड्यात पैलवानाच्या अंगात बळ येत नाही. पण वाजवणाऱ्याला उभं राहण्याची जागा गावानं ठरवलेली असे, आणि मोबदलाही गावानंच. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी १९४४ मध्ये अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. ज्या समाजाच्या वाट्याला गावाच्या हुकमानं वाजवणं आलं होतं, त्या समाजातला माणूस इथे स्वतःचं म्हणणं घेऊन रंगमंचावर उभा राहिला. आंबेडकरी चळवळीत तर गावकीची कामं नाकारणं हाच कार्यक्रम होता. मेलेली जनावरं ओढणार नाही, येसकरकी करणार नाही, हुकमासरशी वाजवणार नाही. आंबेडकरी जलशांनी पेटी-तबला जवळ केला यात सोयीइतकाच हा नकारही होता. पेटीला जात नव्हती.

याच पेटीला १९४० पासून आकाशवाणीनं दार बंद केलं होतं. ती परदेशी आहे, तिच्या सुरांना मींड नाही, ती राग बिघडवते, हे आक्षेप घेणाऱ्यांत टागोरांसारखी माणसं होती. शास्त्र म्हणून त्यांत तथ्यही होतं. देवलांची सगळी धडपड त्याच दोषावरची होती. पण भजनी मंडळं, कीर्तनकार, जलसेकार, तमाशाचे फड या सगळ्यांचं मुख्य वाद्य सरकारी रेडिओला चालेना, याचा अर्थ शास्त्रापुरता मर्यादित राहत नाही. १९७१ मध्ये ही बंदी सैल झाली. सांगलीचं आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झालं, म्हणजे आमच्या भागाला स्वतःचं रेडिओ केंद्र मिळालं तेव्हा गावोगावच्या देवळात रोज वाजणारी पेटी अजून बंदीखालीच होती.

आता बेंजो. विजेच्या वाद्यांतलं हे आमच्या भागातलं खरं लोकवाद्य, आणि त्याच्याबद्दल जितकं कमी लिहिलं गेलं आहे तितकं क्वचितच कशाबद्दल लिहिलं गेलं असेल. मूळ जपानी. १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरितांनी 'ताईशोगोतो' तयार केलं, टाइपरायटरसारख्या कळा आणि खाली तारा. भारतात ते बुलबुलतरंग म्हणून घरोघरी आलं, दिवाणखान्यात ठेवायचं, हलक्या आवाजाचं. त्याला रस्त्यावर आणलं ते इथल्या वादकांनी आणि दुरुस्तीवाल्यांनी. तारांखाली पिकअप बसवला, म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं. त्याची वायर अँप्लिफायरला गेली. कळा, तारा, घोडी आपापल्या हातानुसार बदलून घेतल्या. हातगाडीवर नाहीतर टेम्पोत जनरेटर आणि कर्णे, पुढे बेंजो आणि कॅसिओ, बाजूला ऑक्टोपॅड, ढोल, ताशा. झाली बेंजो पार्टी.

या वाद्याचं राजकारण त्याच्या रचनेतच आहे. सनईला घराणं लागतं, हलगीला जात चिकटलेली, बँडला गणवेश आणि मास्तर. बेंजोला यांतलं काही लागत नाही. कळा ओळखीच्या, चाल सिनेमातली किंवा भीमगीतातली, आणि आवाज इतका की वस्तीत वाजलेला वेशीपर्यंत जावा. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत हे वाद्य का रुजलं, हे समजायला फार विद्वत्ता नको. ज्यांच्या मिरवणुकीनं कुठल्या गल्लीतून जावं यावर गावात वर्षानुवर्षं खल होत आला, त्यांना मिरवणूक जिथे अडवली तिथूनही पुढे जाणारा सूर मिळाला. बाबासाहेबांचं इंग्रजी शिक्षण ज्या साताऱ्यात सुरू झालं, ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या शाळेत त्यांचं नाव दाखल झालं, त्या शहरात आणि त्याच्या तालुक्यांत जयंतीचा आवाज कसा बदलत गेला याचा नीट इतिहास कुणीतरी लिहायला हवा. डफापासून पेटी, पेटीपासून बेंजो, बेंजोपासून डीजे. वाद्य बदलताना कवनं बदलली, वाजवणारे बदलले, पैसा कुणाच्या हाती गेला तेही बदललं.

याचं दुसरं अंगही सांगितलं पाहिजे. बेंजो आणि डीजे यांनी हलगीवाल्याची सुपारी नेली. जे काम सक्तीचं म्हणून जाचक होतं, तेच पोटाचंही होतं. सक्ती सुटली तेव्हा रोजगारही सुटला, आणि त्याची भरपाई कुणी केली नाही. आज डीजेवर 'हलगी मिक्स' वाजतं. हलगीचा ठोका एकदा रेकॉर्ड होतो, संगणकात कापून पुन्हापुन्हा जोडला जातो आणि शेकडो मिरवणुकांत घुमतो. ज्याच्या बोटांचा तो ठोका, त्याला पहिल्या दिवसाच्या पलीकडे काही मिळण्याची सोयच नाही. सँपल कुणाचं, हा जगभर कोर्टात गेलेला प्रश्न इथे कुणी विचारतही नाही.

मिरजेची गोष्ट याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात, संस्थानी आश्रयाखाली, तंतुवाद्यं करायला घेतली. फरीदसाहेबांपासून ही परंपरा सांगतात आणि त्यांचे वंशज सतारमेकर हेच आडनाव लावतात. सत्ता गेली, तलवारींची गरज संपली, कारागिरांनी हातातलं कसब भोपळ्याकडे आणि तुणीच्या लाकडाकडे वळवलं. मोठ्या राजकीय उलथापालथीला एका कारागीर जमातीनं दिलेलं हे उत्तर मला फार थोर वाटतं. भोपळा पंढरपूरच्या बाजूचा. तो वाळवायचा, कापायचा, त्याला दांडी जोडायची, आणि शेवटी जवारी काढायची. घोडीचा माथा अशा बेतानं घासायचा की तार सुटल्यावर नुसती वाजू नये, तिच्यातून वरचे स्वर फुलावेत. हे काम कानावर चालतं. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा या कसबाला कायद्यानं नाव मिळालं.

पण तोवर गाणाऱ्यांच्या घरात तानपुऱ्याची जागा यंत्रानं घेतली होती. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तानपुरा बाजारात आणला. पुढे त्याचं मोबाइल ॲप झालं. मिरजेच्या दृष्टीनं हा घाव होता आणि तो खोटा म्हणता येणार नाही. तरीही मी या यंत्राच्या बाजूनं बोलणार आहे. तानपुऱ्याची साथ म्हणजे मागे बसणारं माणूस: शिष्य, बायको, मुलगी. दोन खोल्यांच्या घरात, पहाटे, घरच्यांना न उठवता रियाज करणाऱ्या बाईला मागे बसायला कोण मिळणार होतं? भोपळा ठेवायला जागा कुठे होती? तबल्याचं यंत्र आणि तानपुऱ्याचं यंत्र यांनी गाण्याला लागणारी माणसांची उतरंड निम्म्यानं कमी केली. जवारीचा झंकार यंत्रात तसा उतरत नाही, हे कबूल. पण गाणं शिकणाऱ्यांत गुरूच्या घरी राहू न शकणाऱ्या कितीतरी मुली आल्या, त्यात या लहानशा पेटीचा हात आहे. या यंत्राला जवारी कशी द्यायची, हे मिरजेच्या कानाला विचारून कुणी मोठं काम उभं केलं असतं तर दोघांचंही भलं झालं असतं. देवलांनी खाँसाहेबांच्या गळ्याकडे जसं कान देऊन पाहिलं, तसं घडवणाऱ्याच्या हाताकडे पाहायचं आपल्या अभियंत्यांना सुचलं नाही, आणि सांगलीत तर १९४७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे.

या सगळ्याचा आजचा, सर्वांत तापलेला चेहरा म्हणजे डॉल्बी. आमच्याकडे हा शब्द बेसच्या भिंतीसाठी चालतो, त्याच नावाच्या परदेशी कंपनीशी त्याचा संबंध नाही. प्लायवूडचे खोके, त्यांत अठरा इंची स्पीकर, वर टॉप, मागे अँपचा रॅक, क्रॉसओव्हर, मिक्सर, जनरेटर, आणि हे सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. खोका कसा बांधायचा, हवा कुठून सुटू द्यायची, खालचे ठोके छातीत कसे बसतील, हे ज्ञान गावोगावच्या सुतारांनी आणि वायरमन पोरांनी एकमेकांचं बघून मिळवलं. कुंडलजवळ १९१० साली किर्लोस्करांनी माळावर कारखाना उभा केला तेव्हापासून या भागात लोखंड आणि मोटारी खोलून बघण्याची सवय आहे. डॉल्बी ही त्या सवयीची न शोभणारी पण खरी लेक आहे. ते वाद्य नाही, असं काही जण म्हणतात. ज्याला सूर लावावा लागतो, जे बांधताना कान लागतो आणि ज्याच्या आवाजावरून त्याच्या मालकाचं नाव ओळखता येतं, त्याला मी वाद्यच म्हणेन.

आणि ते जीव घेतं, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणेन. २०१४ च्या विसर्जन मिरवणुकीत साताऱ्यात इमारतीची भिंत कोसळून माणसं दगावली आणि त्याचा ठपका डॉल्बीच्या हादऱ्यावर आला. २०२३ मध्ये तासगाव आणि वाळवा तालुक्यांतले दोन तरुण मिरवणुकीच्या आवाजात कोसळून गेले, अशा बातम्या आल्या. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, ही २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा. दहा बेसच्या भिंतीसमोर ती कागदावरही टिकत नाही. लहान मूल, म्हातारं माणूस, नुकतीच प्रसूत झालेली बाई यांच्या घरासमोर तासभर ती भिंत उभी राहते, त्याला अभिव्यक्ती म्हणून मान देण्याची माझी तयारी नाही.

विश्वास नांगरे पाटील कोल्हापूर परिक्षेत्राचे पोलीस प्रमुख असताना २०१७ च्या गणेशोत्सवात डॉल्बीमुक्तीची मोहीम जोरात चालली आणि सातारा-सांगलीत तिला चांगला प्रतिसादही मिळाला. २०१८ मध्ये ध्वनियंत्रणा व्यावसायिकांची संघटना मिरवणुकांतल्या डॉल्बीबंदीविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. न्यायालयानं बंदी उठवायला नकार दिला. त्याच वर्षी साताऱ्यात खासदार उदयनराजे भोसले यांनी डॉल्बीच्या बाजूनं जाहीर भूमिका घेतली. या वादात दोन्ही बाजूंनी यंत्रणेसाठी काढलेल्या कर्जाचा उल्लेख झाला, पण कर्ज काढणारा कोण हे कुणी नीट पाहिलं नाही. शेतीत भागत नाही म्हणून यंत्रणा घेतलेला मुलगा, त्याच्याकडे रोजावर असलेला ऑपरेटर, खोके बांधणारा सुतार. जप्ती येते ती यांच्या मशीनवर. ज्यांच्या वाढदिवसाला, ज्यांच्या विजयाच्या मिरवणुकीला ती भिंत बोलावली जाते, त्यांचं नाव पंचनाम्यात क्वचितच येतं. इथे आवाज घडवणाऱ्याचा आणि बोलणं दुसऱ्याचं, अशी फाळणी झाली आहे. जमैकात साउंड सिस्टीम वस्तीची होती; आमच्याकडे ती हळूहळू पुढाऱ्याच्या फ्लेक्सची जोडीदार झाली. डॉल्बीवर माझा खरा आक्षेप डेसिबलच्या बरोबरीनं हा आहे.

परवानगीचं गणितही तपासायला हवं. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, पण वर्षातले पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट, आणि ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. कोणते सण त्या यादीत आले, कोणते राहिले, यावरून कुणाचा आवाज प्रशासनाला आपला वाटतो ते दिसतं. २०२२ मधला भोंग्यांचा वाद आठवा. मशिदीवरचा कर्णा आणि मंडळाची भिंत यांना एकच नियम लागतो, हे तेव्हा किती जण मोठ्यानं बोलले?

याच साली सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं वेगळाच भोंगा लावला. १५ ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा सायरन वाजतो, घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद होतात, मुलं अभ्यासाला बसतात. साडेआठला पुन्हा सायरन. ग्रामसभेत, बायकांच्या आग्रहानं झालेला हा निर्णय. सगळ्या गावानं मिळून ठरवलेला आणि सगळ्यांनी पाळलेला विजेचा आवाज, असं उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. तो सायरन कुठल्या कंपनीचा हे महत्त्वाचं नाही, तो कधी वाजवायचा हे कुणी ठरवलं ते महत्त्वाचं.

मिरजेच्या तानपुऱ्याला मानांकन आहे, बेंजोला नाही, आणि बेस बांधणाऱ्याला तर कारागीर म्हणूनही कुणी मोजत नाही. माझ्या मते काम इथून सुरू व्हावं. आयटीआयत वायरमनचा अभ्यासक्रम आहे. त्यात ध्वनियंत्रणा, श्रवणाचं आरोग्य आणि लिमिटर बसवण्याचं काम शिकवता येईल. अँपच्या आतच मर्यादा घातली की ऑपरेटरच्या हातावर कुणाची दमदाटी चालत नाही; नाचणाऱ्या कार्यकर्त्यांनी 'वाढव' म्हटलं तरी मशीन वाढणार नाही. गणेशोत्सवाआधी प्रत्येक ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते. मंडळांचे अध्यक्ष येतात, व्यापारी येतात, पुढारी येतात. त्या बैठकीत खोके बांधणारा सुतार, बेंजोचे पिकअप गुंडाळणारा दुरुस्तीवाला आणि हलगीवाला यांना खुर्ची द्यावी, आणि आवाज कुठे अडवायचा ते आधी त्यांना विचारावं.